लॉजवरचा रविवार

३ फेब्रुवारी

सौ. वन्संना,
सप्रेम न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, तिकडेही ठीक असावं. फोनच केला असता, पण फोन हॉलमध्ये आणि तुमचे दादा फोनच्या शेजारी. त्यांच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचंय, म्हणून कागद घेतला. लिहायची सवय मोडली आहे ते अक्षरावरून दिसेलच.

परवा लॉन्ड्रीवाला कपडे द्यायला आला होता. हल्ली तो स्टेशनसमोरच्या लॉजच्या चादरीही धुतो. तुम्हाला तो आपल्याकडे येता-जाता बघून ओळखतो. सुटे पैसे मोजता मोजता म्हणाला, नणंदबाई लॉजवर उतरल्या होत्या, घरात काही काम काढलंय का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण तोंड काही थांबलं नाही. म्हटलं, हो ना, रंगकाम काढलंय. तो दारातूनच मान वाकडी करून भिंती बघायला लागला. आठवड्याने पुन्हा येणार, पुन्हा बघणार. म्हणून काल रंगाऱ्याला बोलावून हॉलची एक भिंत रंगवून घेतली. एकच का, असं यांनी विचारलं, तर सध्या तशीच पद्धत आहे म्हणून सांगितलं. आता बाकीच्या तीन भिंती फारच मळक्या दिसतात.

सख्ख्या भावाचं घर दहा मिनिटांवर असताना तुम्ही लॉजवर राहिलात. मी यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पण मला कारण कळायला हवं. गादी टोचली, की माझं काही बोलणं टोचलं?

कळावे. लोभ अजून आहे असं धरून चालते.

आपली,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भिंतीचं वाचून आधी हसू आलं, मग आलेलं हसू गेलं. तुला उगाच खोटं बोलायला लागलं आणि वर रंगाऱ्याचा त्रास झाला, याचं वाईट वाटतं.

कारण साधं आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवीन मशीन आलंय. ते चालवायचं कसं हे शिकवायला मशीनवाल्यांनी आम्हा चार-पाच दुकानांच्या माणसांना तिकडे बोलावलं आणि राहायची सोयही त्यांनीच केली. सगळ्यांना सोडून मी एकटीच उठून कुठे येणार? शिवाय दादाच्या निवृत्तीचं तुझ्या डोक्यावर आहेच. मी आले असते तर तू पुन्हा सगळं अंगावर घेतलं असतंस. तुला त्रास नको, एवढंच मनात होतं.

इकडे सासूबाईंचं तसंच आहे. कूस बदलायलाही दोघं लागतात. तुझे भावोजी सकाळी हात देतात, संध्याकाळी ते दमलेले असतात. मशीन मात्र छान आहे, आवाज कमी करतं. बाकीच्या तीन भिंतीही रंगवून टाक, म्हणजे प्रश्न मिटला.

कळावे, लोभात रंगकाम नको.

तुझी,
वन्सं


१४ फेब्रुवारी

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र छान आहे, नीटनेटकं आहे आणि निम्मं खोटं आहे. लॉन्ड्रीवाल्याकडून मी बाकीचंही काढून घेतलं. तुमची मंडळी शनिवारी दुपारी शिकणं संपताच बॅगा उचलून गेली. तुम्ही मागे राहिलात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत खोली ठेवलीत. वन्सं, त्या रविवारी आपल्याकडे सगळे जमले होते. खिडकीजवळ तुमची खुर्ची मांडलेली होती. तुम्ही जमणार नाही म्हणून कळवलंत, तरी हे म्हणाले, असू दे, ऐनवेळी आली तर. जो येईल त्याला मी दुसरीकडे बसवत होते.

मी दमलेय. हे कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. लग्न झाल्यापासून दर महिन्याचा शेवटचा रविवार यांचे चुलत, मामे, आते आणि त्यांची पोरंबाळं आमच्याकडे. का, तर आमचा हॉल मोठा. कुणाचा चहा बिनसाखरेचा, कुणाला पाठीला उशी लागते, कुणाला पंख्याखाली बसवलं की सर्दी होते. मोठे काका आणि मधले काका यांच्यामध्ये तिसरं माणूस बसवायचं, कारण त्यांचं अजून मिटलेलं नाही. हे सगळं डोक्यात ठेवून मी हसतमुखाने फिरत असते. जाताना प्रत्येक जण म्हणतो, तुमच्याकडे आलं की घरी आल्यासारखं वाटतं. तोवर माझे पाय चपलेत मावत नसतात.

आता मुद्द्याचं. मार्चअखेर हे निवृत्त होतायत. ५ एप्रिलच्या रविवारी खात्यातली माणसं आणि आपली माणसं, सगळ्यांना बोलवायचं ठरलंय. यांनी स्वच्छ सांगितलंय की बहीण येणार नसेल तर काही करू नका, ऑफिसात चहा-बिस्किटं झाली तेवढी पुरे. तुम्ही लॉजवर होतात हे कळलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते गप्प होतील, आणि ते मला बघवायचं नाही. तेव्हा काय कमी पडलं ते एक घाव दोन तुकडे सांगून टाका. मी दुरुस्त करेन.

कळावे. लोभाचा हिशेब तुमच्याकडे आहे.

आपली,
वहिनी


१ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायचं काय ते माहीत होतं, लिहवत नव्हतं.

कमी काही पडलं नाही, वहिनी. जास्त पडलं. मी आले की तू दारातच माझ्या हातातली बॅग काढून घेतेस. बाथरूममध्ये वेष्टनातला साबण आणि दुकानातली घडी न मोडलेला टॉवेल असतो. मग ती खिडकीजवळची खुर्ची. उठले की तू खांद्यावर हात ठेवून खाली बसवतेस. माझी बशी मी उचलली की दोघी-तिघी धावतात. तुझी शेजारीण आत जाते, कांदे चिरते, तुलाच ओरडते, तुम्ही दोघी खिदळता. मामेभावाची परवा आलेली सूनसुद्धा आत असते. मी मांडीवर बशी घेऊन बाहेर ऐकत बसते आणि काय झालं म्हणून विचारेपर्यंत विनोद संपलेला असतो. तू वाढत राहतेस आणि नको म्हटलं की तुझा चेहरा उतरतो, म्हणून मी जमेल तेवढं खाते आणि बाकीचं पानात लपवते. माझ्या भावाच्या घरात मी अशी बसलेली असते, जशी दुसऱ्या कुणाच्या लग्नाला आलेय.

तशी बसायलाही अंगात बळ लागतं. इकडे पहाटे सासूबाईंचं सगळं, मग दिवसभर काचा, संध्याकाळी पुन्हा सासूबाई. त्या शनिवारी मी बॅग घेऊन लॉजच्या पायरीवर उभी होते. तुमच्याकडेच यायला निघाले होते, रिक्षाही थांबवली होती. आणि मनात आलं, आता तिथे जाऊन उद्या संध्याकाळपर्यंत खूश दिसायचंय. ते मला जमण्यासारखं नव्हतं. रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि परत आत गेले. गल्ल्यावरच्या माणसाने किल्ली दिली आणि तो आपल्या रेडिओकडे वळला. झोप लागली का, जेवलात का, आणखी काही हवं का, कुणी काही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. रविवारी तुमचं जमणं सुरू झालं असेल त्या वेळी मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं.

दादाला सांगायचं तर सांग. ५ तारखेला पुन्हा त्या खुर्चीत बसायला यावं असं मला वाटत नाही. सासूबाईंचं निमित्त मला कधीही सांगता येईल, पण तुला तरी खरं सांगितलं.

कळावे. लोभ ठेवशील तर बरं, नाही ठेवलास तर समजू शकते.

तुझी,
वन्सं


६ मार्च

सौ. वन्संना,
न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी भांडी आपटली. अति तिथे माती म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या ताटात मातीच वाढत होते म्हणायचं.

आता माझं ऐका. माझ्या लग्नानंतर या घरात पहिल्यांदा सगळे जमले, तो दिवस तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. मी चहाचे कप धुऊन पालथे घातले होते. तुम्ही आत आलात, ते सगळे कप उचललेत आणि पुन्हा धुतलेत. मी शेजारी उभी होते, हाताला पाणी तसंच. नवी नवरी, बोलणार काय? त्या दिवशी मी कानाला खडा लावला की या बाईला पुन्हा माझ्या ओट्याशी येऊ द्यायचं नाही. बाहेर बसवायचं, डोक्यावर घ्यायचं, नाव ठेवायला जागा ठेवायची नाही. तो साबण, तो टॉवेल, ती खुर्ची, सगळं त्या कपांपासून सुरू झालंय. तुमच्यासाठी मी जेवढी राबले तेवढी यांच्या साहेबांसाठीही राबले नाही. प्रत्येक वेळी तुम्ही गेल्यावरच मी टेकायचे.

रिक्षा परत पाठवलीत, ते वाचून मला रडू आलं. रागाने आलं की कशाने ते कळलं नाही. आणि खरं सांगू, किल्ली देऊन रेडिओकडे वळणारा तो माणूस मलाही हवासा वाटला. महिन्यातून एक दिवस मला कुणी तशी किल्ली दिली तर मी भांडण न करता जाईन.

तुमची सगळी पत्रं आणि माझ्या पत्रांचे कच्चे कागद मी यांच्यापुढे ठेवणार आहे. बहीण तुमची, आता तुमचं तुम्ही बघा. मी आग्रह करणार नाही, तो करून करून माझे हात दुखायला लागलेत.

कळावे. लोभाचं सध्या विचारू नये.

वहिनी


१५ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने पत्रं माझ्या पुढ्यात टाकली आणि आत गेली. वाचली. मला पत्र लिहिता येत नाही, खात्याचे अर्ज लिहिता येतात. तेव्हा तसंच वाच.

तू लॉजवर होतीस हे मला त्याच रविवारी कळलं होतं. घरी जमण्याची तयारी सुरू झाली की मी काही तरी काम काढून बाहेर पळतो, ही माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी लॉजच्या पाण्याच्या मीटरची तक्रार बघायला गेलो. मीटर मागच्या अंगणात, जेवणाच्या खोलीच्या खिडकीखाली. आत तू बसली होतीस. पाण्याच्या जगला वर्तमानपत्र टेकवून वाचत जेवत होतीस. तू हात करून पुन्हा भात मागून घेतलास. तुला असं जेवताना मी आपण शाळेत होतो तेव्हा पाहिलं असेल. हाक मारणार होतो, पण मारली नाही. आकडा लिहून घेतला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. घरी येऊन तुझी खुर्ची मांडायला सांगितली. संध्याकाळपर्यंत तू आली नाहीस. वाईट वाटलं, पण लॉन्ड्रीवाल्याचं दारातलं बोलणं कानावर आलं होतं, त्यामुळे भिंत रंगली तेव्हा ती कशासाठी रंगली हे मला बरोबर कळलं होतं. तुझ्या वहिनीला वाटतं मला पद्धतीतलं काही कळत नाही.

इतकी वर्षं मी लोकांच्या घरी मीटर वाचत हिंडलो. काही घरी बसा बसा म्हणून धरून ठेवायचे, चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत आणि माझी पुढची चार घरं राहायची. काही घरी कुणी बसा म्हणायचं नाही, पण मी जायच्या आधी मीटरच्या झाकणावरच्या कुंड्या बाजूला सरकवलेल्या असायच्या आणि कुत्रं बांधलेलं असायचं. मला ती घरं आवडायची. हे मी घरी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

तुझी वहिनी दमलीय. शेजारी बसलेली बायको मला टपालाने कळली. कार्यक्रम रद्द करू म्हणालो तर डोळे वटारून म्हणाली, सगळ्यांना सांगून झालंय, आता नाक कापायचं का? तेव्हा तू ये. माझ्यासाठी नको, मी ऑफिसातल्या चहावर खूश आहे. तिच्यासाठी ये. पाहुणी म्हणून येऊ नकोस. मग कसं यायचं ते मला सांगता येणार नाही, ते तुम्ही दोघी ठरवा.

सासूबाईंना नमस्कार, मेहुण्यांना सांग मी आता रिकामाच आहे, कूस बदलायला हात हवा तर येऊन राहीन.

दादा


२० मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कप स्वच्छ होते. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

मला तो दिवस आठवत नव्हता, तुझ्या पत्राने आठवला. बाहेर सगळे नव्या सुनेचं कौतुक करत होते. तोपर्यंत त्या घरात चहा मी करायचे, पानं मी घ्यायचे, कोण कुठे बसणार ते मी ठरवायचे. त्या दिवशी मला कुणी काही काम सांगितलं नाही. बाहेर उभं राहावं तर कुणाशी काय बोलायचं कळेना. आत आले, कप दिसले, धुतले. तुझ्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही, ते चुकलंच. तुझ्या हाताला पाणी होतं हे मला आत्ता कळतंय.

मी ४ तारखेला, शनिवारी संध्याकाळी पोचते. टॉवेल माझा आणते. तुझ्या भावोजींनी आणि शेजारच्या बाईंनी मिळून सासूबाईंचं बघायचं कबूल केलंय. आपणहून ओट्याशी येणार नाही, घर तुझं आहे. तू काम सांग, सांगशील ते करेन. एकच मागणी आहे, वाढताना मी पुरे म्हटलं की पुरे.

कळावे. लोभ वाढवू नकोस, आहे तो राहू दे.

तुझी,
वन्सं


८ एप्रिल

सौ. वन्संना,
सप्रेम न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं यांनी सांगितलं. सासूबाईंची तब्येत कळवा. हे पुढच्या आठवड्यात खरंच यायचं म्हणतायत, आले तर घ्या कामाला.

शनिवारी तुम्ही दारात आलात तेव्हा बॅग घ्यायला माझे हात आपोआप पुढे आले होते. मागे घेतले आणि तुम्हाला बटाटे दाखवले. तुम्ही सालं जाड काढता. ते मी बघत राहिले आणि बोलले नाही, हे मला केवढ्याला पडलं ते तुम्हाला कळायचं नाही.

रविवारचं मात्र सगळं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही मला निघताना तीनदा विचारलंत की नीट झोप झाली का. मी हो म्हटलं. अर्धंच खरं होतं. माणसं यायला लागली तेव्हा कपडे बदलायला म्हणून आतल्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला टेकले आणि तिथेच डोळा लागला. पण थोड्या वेळाने जाग आली. हॉल भरलेला होता. यांच्या खात्यातली माणसं पाण्याच्या टाकीवर चढून बोलल्यासारखी बोलतात, तशी बोलत होती. मधल्या काकांनी पंखा बंद करायला सांगितला तो आवाज ओळखला. भात करपल्याचा वास आला. चमच्यांचा दुसरा डबा कपाटावर आहे हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, आणि कुणी तरी बोटाने खाऊ का विचारत होतं. आतून तुमचं आणि शेजारणीचं हसणं ऐकू आलं. काय झालं होतं ते सांगू नका, मला समजणार नाही.

सवयीने माझे पाय चपला शोधायला लागले. तेवढ्यात यांच्या साहेबांनी विचारलं, घरच्या बाई कुठे आहेत? तुम्ही दाराशीच होतात. तुम्ही म्हणालात, वहिनी झोपलीय, दमलीय, तिला उठवायचं नाही, जरा हळू बोला. मला वाटलं आता सगळे काय म्हणतील. घरी माणसं बोलावून बाई झोपली. मी पदर सारखा केला, उठणार तोच हॉल हळूहळू शांत झाला. खुर्च्या ओढायच्या थांबल्या, उचलून ठेवायला लागले. कुणाचं तरी पोर धावत होतं, त्याला दटावलं. मोठे काका मधल्या काकांशी काही तरी कुजबुजले. किती वर्षांनी बोलले असतील, आणि मला ऐकूही आलं नाही.

मग यांचं आभाराचं भाषण झालं. तेही यांनी हळू आवाजात केलं. मी दाराकडे कान करून पडले होते. खात्याचं काही तरी बोलले, साहेबांचं बोलले, तुमचं नाव आल्यासारखं वाटलं. शेवटी बराच वेळ काही तरी बोलत होते आणि कुणी हललं नाही. टाळ्या वाजवायच्या ऐवजी सगळ्यांनी नुसतीच हळू हळू बोटं बोटांवर मारली, एवढं कळलं. माझ्याबद्दल बोलले का, हे मी यांना विचारलेलं नाही. तुम्हालाही विचारत नाही.

वन्सं, घरात इतकी माणसं होती आणि मी दमलेय म्हणून ती सगळी हळू बोलत होती. मी जागी होते. मी उठले नाही.

कळावे. लोभ पुरून उरला आहे.

तुमची,
वहिनी